सत्तर किलोची अट आणि हातातलं वर्ष

वाचकाचं पत्र

मी ३७ वर्षांची आहे. राहायला भांडुपला, नोकरी फोर्टमध्ये. लग्नाला सहा वर्षं झाली. एचएसजीमध्ये (नळ्यांच्या एक्स-रेमध्ये) गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बंद निघाल्या, त्यामुळे आयव्हीएफशिवाय (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांशिवाय) मार्ग नाही असं सांगितलं. एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) १.१ आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, बीपी १३२/८६. पाळी नियमित येते. वजन ८४ किलो. दादरच्या सेंटरमध्ये काउंटरवर उंची विचारली, मी पाच फूट सांगितली (ऑफिसच्या मेडिकलमध्ये १५५ सेंटिमीटर लिहिलंय). फाइलवर बीएमआय ३६.२ लिहिला आणि डॉक्टर म्हणाल्या, ‘तीसच्या खाली या, म्हणजे सत्तर किलो. तोवर काही सुरू करता येणार नाही.’ ठाण्यातल्या दुसऱ्या ठिकाणी पस्तीसची अट आहे म्हणे. दोन महिन्यांत तीन किलो उतरवलं, त्यातलं एक परत आलं. नणंद म्हणते वजनाची इंजेक्शनं घे. सासूबाई बोलत काही नाहीत, पण जेवताना माझ्या ताटाकडे बघतात. मिस्टर ९६ किलोचे आहेत, त्यांना कुणी काही विचारलंही नाही. मी चौदा किलो उतरेपर्यंत थांबू का?

उत्तर

चौदा किलो उतरेपर्यंत थांबू नका. का, ते सविस्तर सांगतो. पण त्याआधी एक काम करा: उंची नीट मोजून घ्या.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वर्ग असल्यामुळे उंचीतली छोटी चूकही मोठी होऊन बसते. तुम्ही सांगितलेले पाच फूट म्हणजे १५२.४ सेंटिमीटर. त्यावर ८४ किलोचा बीएमआय ३६.२ येतो. ऑफिसच्या नोंदीप्रमाणे १५५ धरले तर तोच ३४.९६ होतो. म्हणजे तुमचं वजन एक ग्रॅमही न हलता तुम्ही ठाण्याच्या पस्तीसच्या अटीत काठावर का होईना, बसता. आणि दादरचे सत्तर किलो हेही पाच फुटांवरून काढलेले आहेत. १५५ सेंटिमीटरला तीसचा बीएमआय ७२ किलोला येतो. दोन किलोचा फरक नुसता काउंटरवर बोलण्यातून पडला, आणि दोन किलो म्हणजे तुमच्या दोन महिन्यांची निव्वळ कमाई.

मोजायचं ते सकाळी. दिवसभर उभं राहून, लोकलमधून लोंबकळून आल्यावर माणूस सेंटिमीटरभर खचलेला असतो. चपला काढा, अंबाडा सोडा, क्लिप काढा. टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा आणि डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून खूण करायला सांगा. सेंटरमध्ये गेल्यावर ‘उंची लिहून घ्या’ म्हणू नका, ‘मोजून घ्या’ म्हणा.

आता मुख्य गोष्ट. ही अट कुणाची?

कायद्याची नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा आपला कायदा २०२१ चा आहे आणि त्यात वयाची मर्यादा आहे: स्त्री २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५. वजनाबद्दल मर्यादा नाही. तीस हा आकडा बाहेरच्या देशांतून आलेला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आयव्हीएफआधी बीएमआय १९ ते ३० असावा असं म्हटलंय आणि तिथल्या अनेक भागांत सरकारी खर्चाने उपचार हवे असतील तर तीसची रेषा कडक पाळली जाते. न्यूझीलंडमध्ये सरकारी पैशासाठी ती ३२ आहे. तिथे सरकारला मोजके पैसे आणि लांब रांग यांचा मेळ घालायचा असतो, म्हणून रेषा ओढावी लागते. ती रेषा बरोबर की चूक यावर तिथेही वाद आहे. तुम्ही मात्र स्वतःच्या खिशातून पैसे भरणार आहात. तेव्हा रांगेचं कारण तुम्हाला लागू नाही. उरतं ते वैद्यकीय कारण, आणि ते खरं आहे. फक्त ते नेमकं कुठे खरं आहे हे पाहायला हवं.

आयव्हीएफ म्हणजे एकसंध एक गोष्ट नाही. त्यात दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला अंडी काढण्याचा, ज्याला सेंटरमध्ये ‘पिकअप’ म्हणतात. दुसरा तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा, म्हणजे ‘ट्रान्सफर’. वजनाची अडचण दोन्हीकडे आहे, पण वेगळ्या कारणाने, आणि दोन्हींच्या मध्ये आज हवा तेवढा वेळ घालता येतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

पिकअपमध्ये अडचण भुलीची असते. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये मुंबईतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्या सुमारास जगात पोटात गॅस भरून लॅपरोस्कोपीने (दुर्बिणीने) अंडी काढण्याची पद्धत मागे पडत होती आणि सोनोग्राफीत बघत योनीमार्गातून सुई घालण्याची पद्धत येत होती. आज सगळीकडे ही दुसरीच पद्धत आहे. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. टेबलावर उताणं झोपवून पाय वर बांधतात, शिरेतून झोपेचं औषध देतात, आणि बहुतेक वेळा घशात नळी घालत नाहीत. रुग्ण स्वतःच श्वास घेत असतो. वजन जास्त असलं की उताण्या अवस्थेत पोट छातीवर दाब आणतं, फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा कमी राहतो, गळ्याभोवतीच्या चरबीमुळे झोपेत श्वासनलिका मिटू शकते. श्वास अडला तर सावरायला भूलतज्ज्ञाच्या हातात इतरांपेक्षा कमी वेळ असतो. मुंबईतली पुष्कळ सेंटर्स इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात, एक छोटी ओटी, दोन रिकव्हरी खाटा, भूलतज्ज्ञ बाहेरून येणारे, खाली आयसीयू नाही. अशा ठिकाणच्या डॉक्टरांनी तीस किंवा बत्तीसवर थांबणं हे जबाबदारीचंच वागणं आहे. पण मग ती मर्यादा त्या जागेची झाली. मोठ्या हॉस्पिटलमध्ये, पूर्ण वेळ भूल विभाग आणि आयसीयू असेल तिथे, पस्तीसच्या बीएमआयला पिकअप करणं ही नेहमीची गोष्ट आहे. दादर आणि ठाण्याच्या अटी वेगळ्या आहेत त्याचं एक कारण हेही असू शकतं.

म्हणून दादरच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘ही अट पिकअपसाठी आहे की ट्रान्सफरसाठी?’ उत्तर ‘भुलीसाठी’ असं आलं तर म्हणा, ‘मग मला भूलतज्ज्ञांची तपासणी लिहून द्या.’ त्या तपासणीत ते तुम्हाला तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला सांगतील, मान मागे टाकायला सांगतील, मानेचा घेर टेपने मोजतील. घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल, रात्री मोठ्याने घोरत असाल, घोरता घोरता श्वास थांबतो असं मिस्टरांनी पाहिलं असेल, किंवा पुरेशी झोप होऊनही सकाळच्या लोकलमध्ये बसल्या बसल्या डुलकी लागत असेल, तर आधी स्लीप स्टडी करावी लागते. मिस्टरांना हे आजच विचारून ठेवा, कारण स्वतःचं घोरणं स्वतःला कळत नाही. तपासणीनंतर भूलतज्ज्ञ जे सांगतील ते मानायचं. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर ते ‘नाही’ तुमच्या तपासणीवरून आलेलं असेल, आणि ते कॅल्क्युलेटरवरच्या ‘नाही’पेक्षा कितीतरी मोलाचं असतं.

‘आधी वजन उतरवलं तर यश वाढेल’ हे दुसरं कारण सांगितलं जातं. ऐकायला अगदी पटणारं आहे. पण हे तपासून पाहिलं गेलंय. नेदरलँड्समध्ये बीएमआय २९ किंवा त्याहून जास्त असलेल्या ५७७ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम आणि मग उपचार, दुसऱ्याला लगेच उपचार. २०१६ मध्ये निकाल आला. पहिल्या गटाचं वजन सरासरी ४.४ किलोने उतरलं. पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, एकच, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण त्या गटात २७.१ टक्के आणि लगेच उपचार घेणाऱ्यांत ३५.२ टक्के निघालं. थांबलेल्यांना फायदा झाला नाही. स्वीडनमध्ये बीएमआय ३० ते ३५ असलेल्या स्त्रियांना आयव्हीएफआधी रोज ८८० कॅलरींचा द्रव आहार दिला. वजन सरासरी नऊ किलोंहून जास्त उतरलं, तरी बाळ होण्याचं प्रमाण २९.६ आणि न उतरवणाऱ्यांत २७.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच.

या दोन्ही अभ्यासांत वजन उतरवण्याचा एक फायदा मात्र दिसला: उपचार न घेता, आपोआप दिवस जाण्याचं प्रमाण वाढलं. ज्यांची पाळी पीसीओएसमुळे (बीजकोशांच्या एका विकारामुळे) अनियमित असते त्यांना पाच-सात टक्के वजन उतरवून खरोखर लाभ होतो, कारण बीज सुटायला लागतं. तुमचा प्रश्न तो नाही. तुमची पाळी नियमित आहे, बीज बहुधा सुटतंय, वाट बंद आहे. सत्तर काय, साठ किलो झालात तरी नळ्या उघडणार नाहीत. एखाद्या मैत्रिणीला ‘दहा किलो उतरवले आणि लगेच राहिलं’ असा अनुभव आलेला असेल आणि तो खराही असेल, पण तो तुमच्या कामाचा नाही.

आता दुसरी बाजू, वेळेची. पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या आणि प्रत दोन्ही घसरतात आणि सदतीस-अडतीसपासून घसरण वेग घेते. एएमएच १.१ म्हणजे साठा तुमच्या वयाच्या मानानेही बेताचा. एएमएच फक्त संख्येचा अंदाज देतो, प्रत सांगत नाही, त्यामुळे त्या आकड्याने हबकून जाऊ नका. पण एका पिकअपमध्ये अंडी कमी मिळतील आणि कदाचित दोन पिकअप करावे लागतील, एवढी मनाची तयारी ठेवा. चौदा किलोंचा हिशेब करून बघा. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. त्या वेगाने २८ आठवडे. मध्ये गणपती, दिवाळी, ऑफिसचं मार्च एंडिंग, आणि काटा महिनाभर अडून बसण्याचे दिवस धरले तर दहा-बारा महिने. तुम्ही अडतीसच्या व्हाल. उतरलेलं वजन नंतरही उतरवता येतं. वर्षभरात गेलेली अंडी परत येत नाहीत.

म्हणून आमचं मत असं: अंडी आता काढा, भ्रूण गोठवा, मग वजन, साखर आणि बीपीवर चार-सहा महिने नेटाने काम करा, आणि मग ट्रान्सफर करा. भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहतात. तिथे त्यांचं वय वाढत नाही. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. साठवणुकीचं भाडं दर वर्षी भरावं लागतं, ते पॅकेजमध्ये धरलंय का हे आधीच विचारा, बहुतेकदा धरलेलं नसतं.

पिकअपआधीच्या दोन-तीन आठवड्यांत उपाशी राहून किलो पाडायचा प्रयत्न अजिबात करू नका. अंडी वाढत असताना शरीराला पोटभर आणि चौरस जेवण हवं. अंडी वाढवण्याची इंजेक्शनं साधारण नऊ ते बारा दिवस चालतात. वजन जास्त असलं की औषधाचा डोस बहुधा जास्त लागतो आणि त्याप्रमाणे खर्चही वाढतो, म्हणून अंदाजपत्रक मागताना ‘इंजेक्शनं किती युनिट्सची धरलीत’ हे लिहून घ्या. पिकअपच्या दिवशी सहा तास आधीपासून काही खायचं नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

एक तपासणी सुटता कामा नये. बंद नळ्यांमध्ये पाणी साठलंय का? त्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात आणि सोनोग्राफीत ते सॉसेजसारखं फुगलेलं दिसतं. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर आणतं. असेल तर ट्रान्सफरआधी नळी काढावी किंवा क्लिप लावून बंद करावी लागते, आणि ते लॅपरोस्कोपीने, म्हणजे पूर्ण भूल देऊन होतं. पिकअपच्या झोपेपेक्षा ही भूल मोठी, आणि तिथे वजन उतरलेलं असण्याचा थेट फायदा मिळतो. म्हणजे इथेही क्रम तोच: पिकअप आधी, वजन मग, लॅपरोस्कोपी त्यानंतर, ट्रान्सफर शेवटी. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे नेहमी आढळणारं कारण आहे, त्याची तपासणी झालीय का तेही विचारा.

मग वजन उतरवायचं तरी कशाला, असं वाटेल. गरोदरपणासाठी. पस्तीसच्या बीएमआयला गरोदरपणातला मधुमेह, बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया, शिरेत गुठळ्या, सिझेरियन, हे सगळं वाढतं. पोटावरून केलेली पाचव्या महिन्याची सोनोग्राफी धूसर दिसते आणि बाळातलं व्यंग निसटू शकतं. डॉक्टर वजनावर बोट ठेवतात ते या काळजीने, आणि तिथे त्यांचं बरोबर आहे. तुमचा एचबीएवनसी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, बीपीही वरच्या बाजूला. किलोंपेक्षा हे दोन आकडे जास्त महत्त्वाचे. ट्रान्सफरआधी एचबीएवनसी ५.७ च्या जवळ, बीपी १३० च्या आत, थायरॉइड तपासलेलं, आणि वजन ७८ ते ८० असेल तर ती चांगली तयारी म्हणायची. चार-सहा किलो म्हणजे तुमच्या वजनाच्या पाच-सात टक्के. हे होण्यासारखं आहे, दोन महिन्यांत दोन किलो तुम्ही आधीच उतरवून दाखवलेत.

आता स्वयंपाकघर. ऑफिसच्या चहापासून सुरुवात करा. दिवसात पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी, त्याही पोट न भरणाऱ्या. चहा सोडू नका, दोन कप बिनसाखरेचे किंवा अर्ध्या चमच्याचे ठेवा. तेलाचा हिशेब घरात येणाऱ्या पिशव्यांवरून करा. तिघांच्या घरात महिन्याला दोन लिटर पुरायला हवं. चार लागत असेल तर फोडणीत काय चाललंय ते दिसेल. तिसरी गोष्ट प्रथिनं, आणि डबा न्यायला लागल्यावर लोक नेमके यातच कमी पडतात. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात यात प्रथिनं फारशी नसतात, म्हणून चार वाजता वडापाव आठवतो. रोज ६० ते ७० ग्रॅमचं लक्ष्य ठेवा. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर दाट वरणात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीसच्या जवळ, कोरड्या सोयाबीन वड्यांच्या ३० ग्रॅममध्ये पंधरा. बांगडा तव्यावर चमचाभर तेलात भाजा, रवा लावून तळू नका. सकाळी पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेल्या मटकीची वाटी घेतली तर चार वाजताची भूक निम्मी होते. उपासाच्या साबुदाण्याला मात्र मोकळं रान देऊ नका. उपास म्हणून खाल्लेली खिचडी तूप-दाण्यासकट एका जेवणाहून जड असते.

चालण्यासाठी वेगळा वेळ काढणं भांडुप ते फोर्ट करणाऱ्या बाईला किती अवघड आहे ते आम्हाला ठाऊक आहे. आठवड्याला १५० मिनिटं लागतात, ती तुकड्यांत चालतात. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सीऐवजी चालत जा, दोन्ही वेळा पंधरा-पंधरा मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, झाली दीडशे. वेग एवढा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा घरी वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम करा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. नुसत्या चालण्याने वजनाबरोबर स्नायूही झिजतात. काटा आठवड्यातून एकदाच बघा, एकाच वारी, सकाळी. पाळीच्या आधी किलोभर पाणी अंगात साठतं, तुमचा ‘परत आलेला’ एक किलो त्यातलाही असू शकतो.

नणंदेने सुचवलेली इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही औषधं. ती काम करतात, आणि तुमच्या आराखड्यात त्यांना जागाही आहे: पिकअप झाल्यावर, ट्रान्सफरच्या आधी. गरोदरपणात ती चालत नाहीत. सेमाग्लुटाइड शरीरातून जायला वेळ लागतो, म्हणून ट्रान्सफरच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. तारीख ठरवून उलट मोजणी करा. बंद केल्यावर भूक परत येते आणि वजनही परत चढू लागतं, त्यामुळे औषध चालू असतानाच जेवणाची घडी बसवून घ्यायची. ही औषधं पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. सहा तास उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पिकअपआधी किंवा लॅपरोस्कोपीआधी घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगितलंच पाहिजे, त्यात संकोच नको. एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या (हार्मोनतज्ज्ञाच्या) चिठ्ठीशिवाय, कुणाच्या ओळखीने आणलेलं पेन टोचून घेऊ नका. बॅरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचा विषय कुणी काढला तर लक्षात ठेवा, तिच्यानंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू देत नाहीत. तुमच्या वयाला भ्रूण आधी गोठवलेले नसतील तर तो रस्ता नको. आणि सेंटरमध्येच आयव्हीएफबरोबर विकायला ठेवलेली वजनाची पावडर, पट्टा, ‘डिटॉक्स’ पॅकेज, यांवर एक रुपया घालू नका.

मिस्टरांना कुणी काही विचारलं नाही हे अन्यायाचं तर आहेच, वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून वीर्यतपासणी आधी व्हायला हवी. वजन, तंबाखू, मांडीवरचा गरम लॅपटॉप यांचा शुक्राणूंवर परिणाम होतो, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, म्हणजे त्यांनी आज केलेल्या बदलाचं फळ अडीच महिन्यांनी दिसेल. ९६ किलोंच्या माणसासाठी वेगळा डबा करायची गरज नाही. तुमचाच डबा दोन ठिकाणी भरा. मग सासूबाईंनाही एकट्या सुनेच्या ताटाकडे बघायचं कारण राहणार नाही. ‘आई, डॉक्टरांनी दोघांनाही हेच जेवायला सांगितलंय’ हे वाक्य तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने बोलायचं आहे.

ट्रान्सफरची वेळ येईल तेव्हा तीन गोष्टी आग्रहाने बोला. एक, एकाच वेळी एकच भ्रूण सोडा. जुळ्यांनी बीपी आणि मधुमेहाचा धोका आणखी वाढतो. दोन, तुमची पाळी नियमित आहे, तर औषधांनी गर्भाशयाचं अस्तर तयार करण्याऐवजी नैसर्गिक चक्रात ट्रान्सफर करता येईल का? नैसर्गिक चक्रात बीजकोशातून बीज सुटल्यावर जो पिवळा पिंड तयार होतो तो रक्तवाहिन्यांना गरोदरपणासाठी तयार करतो. तो नसलेल्या चक्रांत प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण जास्त दिसतं. तीन, प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाची) तेलातली इंजेक्शनं कमरेत देणार असतील तर सुई स्नायूपर्यंत पोचेल एवढी लांब आहे का ते विचारा. चरबीतच अडकलेलं औषध नीट शोषलं जात नाही आणि गाठी मात्र होतात. योनीमार्गातल्या गोळ्या किंवा जेल हा पर्याय असतो. फॉलिक ॲसिड निदान तीन महिने आधी सुरू करा. तुमच्या वजनाला नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा मोठा डोस हवा का, ते डॉक्टर ठरवतील.

सेंटर निवडताना दर्शनी भागात लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र बघा. कायद्याप्रमाणे लेव्हल १ ची परवानगी फक्त आययूआयची (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची) असते, आयव्हीएफला लेव्हल २ लागते. यशाची शक्यता, खर्च, धोके हे समजावून सांगणं सेंटरवर बंधनकारक आहे, आणि तक्रार निवारण कक्षही असावाच लागतो. दादरचा नकार कायम राहिला तर कारणासह लिहून मागा. ‘बीएमआय जास्त’ एवढंच नको, ‘भुलीची सोय नाही’ किंवा ‘साखर आधी आटोक्यात हवी’ असं नेमकं. तो कागद पुढच्या डॉक्टरांना उपयोगी पडतो.

ठाण्याला जा, किंवा भूल विभाग आणि आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमधल्या आयव्हीएफ विभागात जा. एचएसजीची फिल्म (नुसता रिपोर्ट नको), एएमएच, एचबीएवनसी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बीपीच्या आठवडाभराच्या नोंदी, दोघांचे रिपोर्ट एका फायलीत लावा. बीजकोशांमधल्या फॉलिकल्सची (अंडी असलेल्या छोट्या पिशव्यांची) मोजणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत होते आणि इंजेक्शनंही तेव्हाच सुरू होतात. तो दिवस चुकला की महिना गेला. म्हणून पाळी येईल त्या सकाळीच सेंटरला फोन करा, रविवार असला तरी.